डोकी मोजायच्या आधी बोअर मोजा

१४ जुलै. रात्री २२ मिलिमीटर पाऊस. सोयाबीन बारा दिवसांचं. वाफसा नाही, कोळपं बंद. हात रिकामे आहेत म्हणून आज जरा लांब लिहितो. ज्यांना फक्त फवारणीचं पाहिजे त्यांनी उद्या या.



११ जुलैला आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जागतिक लोकसंख्या दिनाचा कार्यक्रम झाला. शहरातून एक निवृत्त साहेब बोलायला आले होते. नाव लिहीत नाही. माणूस चांगला, पोरांना वह्या घेऊन आला होता. पण भाषण असं केलं की माझं डोकं तीन दिवस तापलेलं आहे. म्हणाले, १९५१ ला देशात ३६ कोटी माणूस होतं, २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी झालं. माणशी वर्षाला ५१७७ घनमीटर पाणी होतं, ते १५४५ वर आलं. आणि मग मागं सतरंजीवर बसलेल्या आमच्यासारख्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडं बघून म्हणाले, तुमच्या पिढीनं आवरलं असतं तर आज ही पाणीटंचाई नसती.

आवरलं असतं तर!

मी उठून बोलणार होतो. मुख्याध्यापक बाईंनी नजरेनंच खाली बसवलं. पाहुणा आहे, जाऊ द्या. म्हणून इथं बोलतो. इथं मला कोण बसवतंय.

पहिली गोष्ट. साहेब ज्या वर्गात बोलत होते तिथं समोर पोरं किती होती? पहिली ते सातवी सगळा पट मिळून ३१. मी याच शाळेत शिकलो तेव्हा एकट्या चौथीत आम्ही चाळीस होतो. आता पट कमी म्हणून शाळा राहते का जाते हीच बाईंना धास्ती. २०१९-२१ चा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे बघा, महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी १.७ लेकरं. एका पिढीची जागा पुढच्या पिढीनं भरून काढायला २.१ लागतात. म्हणजे आम्ही आवरलंय साहेब, कधीचंच आवरलंय. देशाची माणसं अजून वाढतात ती आधी जन्मलेली तरणी पिढी मोठी आहे म्हणून, आणि म्हातारी माणसं आता लवकर जात नाहीत म्हणून. त्याला काय करायचं, म्हाताऱ्यांना बोल लावायचा का?

दुसरी गोष्ट त्या घनमीटरची. घरी येऊन मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर उलटं गुणून बघितलं. ५१७७ गुणिले ३६ कोटी. १५४५ गुणिले १२१ कोटी. दोन्ही वेळेला उत्तर जवळजवळ एकच येतं, १८६९ अब्ज घनमीटरच्या आसपास. म्हणजे हा काही कुणी विहिरीत दोरी सोडून मोजलेला आकडा नाही. देशातल्या नद्यांचं वर्षाचं पाणी एकदा धरलं आणि साठ वर्षं त्यालाच माणसांनी भागत बसले. भागाकार आहे तो. खालचा आकडा वाढला की उत्तर कमी येणारच, दहावी नापास पोरगं पण सांगेल. या भागाकारात हे कळतच नाही की पाणी कोणी किती घेतलं. वस्तीवरच्या बाईची घागर आणि माझ्या उसाची पाळी, दोन्ही त्यात सारखीच.

आता माझा हिशोब ऐका. हा विहिरीवरचा आहे.

आमच्या वडिलांचं २२ एकर रान, एक विहीर. ५२ फूट खोल, दगडी बांधीव. आधी मोट होती, मग इंजिन आलं, मग पाच एचपीची मोटार. आम्ही चार भाऊ. १९९४ ला वाटण्या झाल्या. प्रत्येकाला साडेपाच एकर, आणि विहिरीत चार-चार आण्याचा हिस्सा. कागदावर तसंच लिहिलंय, विहीर सामाईक, हिस्सा चार आणे. एक दिवस थोरल्याची पाळी, दुसरा दिवस माझा, असं चाललं चार-पाच वर्षं. मग जे सगळ्या भावकीत होतं तेच. लाइट जाते कुणाच्या पाळीत, भरून कुणी द्यायची? रात्री कुणी तरी फ्यूज काढून नेला. बायका बायकांत बोलणं बंद. शेवटी धाकट्यानं १९९९ ला आपल्या हिश्शात बोअर घेतला. १८० फुटाला दोन इंच पाणी. त्याची कटकट मिटली. बोअरमध्ये आणेवारी नसते, सोळा आणे आपला. पाळी नाही, भांडण नाही, कुणाला विचारायचं नाही.

मग थोरल्यानं घेतला, ३०० फूट. मग मी घेतला, ३४० फूट. माझा लागला तसा धाकट्याचा आटला. मग त्यानं दुसरा घेतला माझ्यापेक्षा खोल, तसा माझा आटला. पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहायचा आणि तमिळनाडू पासिंगची गाडी रात्रभर वावरात घरघरायची. आम्ही सगळे खाटा टाकून धुरळ्यात बसून देवाचा धावा. आज त्या २२ एकरात नऊ बोअर आहेत. शेवटचा ८५० फूट. नऊची खोली मिळून ४६५० फूट होते, परवा मी बेरीज केली. त्यातले चालू किती? दोन. त्यातला एक वीस मिनिटं चालतो आणि तासभर दम खातो. आणि ती ५२ फुटी विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते.

आणि माणसं? वाटणी झाली तेव्हा त्या २२ एकरावर खाणारे आम्ही १९ जण होतो. आज चारी घरं मिळून २३. त्यातली सहा पुण्यात. म्हणजे गावात राहतात १७. तोंडं दोननं कमी झाली, बोअर शून्याचे नऊ झाले.

आता सांगा साहेब, आमच्या विहिरीचं पाणी कुणी पिलं? लेकरांनी?

थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका. मी एका बाजूनंच बोलतोय असं होऊ नये. लोकसंख्येचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. आहे, पण तो तोंडातून नाही, वाटणीतून येतो. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ ला १.३४ हेक्टर, सव्वातीन एकर. आमच्या घरचंच बघा, वडिलांचं २२, माझं साडेपाच, उद्या माझ्या दोन पोरांना पावणेतीन-पावणेतीन. जमीन फाटली की प्रत्येक तुकड्याला आपलं पाणी पाहिजे, आपली डीपी पाहिजे, आपला स्टार्टर पाहिजे. जमिनीचा तुकडा पाडता येतो, बांध घालता येतो. खाली पाण्याला बांध घालून दाखवा. आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या खडकाचा. वर चार-सहा फूट माती, मग मुरूम, मग कातळ. पाणी साठतं ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत. ती भेग माझ्या बांधाखालून धाकट्याच्या रानात जाते, तिला सातबारा माहीत नाही. पण आपली समजूत काय, ज्याची जमीन त्याच्या खालचं पाणी त्याचं. पाताळापर्यंत.

२००९ चा भूजल कायदा आहे. ६० मीटरच्या खाली शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं त्यात आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्या शिवारात दोनशे फुटासाठी गाडीवाला डिझेल पण भरत नाही. आणि मी काही वेगळा नाही, माझे तीन बोअर त्या मापाच्या खालीच आहेत. कुणी विचारायला आलं नाही. आलं असतं तर मीच चार माणसं घेऊन भांडायला गेलो असतो.

आता उसावर येतो. इथं बऱ्याच मंडळींना राग येणार, येऊ द्या.

गावाला नळयोजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरतात. आमचं गाव अडीच हजार वस्तीचं. वर्षाचे झाले पाच कोटी लिटर. एक एकर ऊस पाटपाण्यावर काढायचा तर हंगामाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढं पाणी लागतं. म्हणजे एकराला ८० लाख लिटर. पावसाचं वजा करा, साठ लाख तरी आपल्याला काढून द्यावं लागतं. करा भागाकार. अख्ख्या गावाचं वर्षाचं पिणं, धुणं, अंघोळ, भांडी, सगळं मिळून आठ-नऊ एकर उसात बसतं. आठ-नऊ एकर! आमच्या शिवारात दोनशे एकराच्या वर आहे. गावात उद्या लोकसंख्या दुप्पट झाली तरी अजून आठ-नऊ एकर ऊस मोडला की झालं. मग टंचाई कशाची आहे, माणसाच्या तहानेची का आमच्या बागायतीची?

केंद्राच्या कृषी खर्च आणि किंमत आयोगानं लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीत चार टक्क्यांच्या आसपास ऊस आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात. १९५१ पासूनचे आकडे सांगणाऱ्या साहेबांनी हा एक आकडा सांगायला काय हरकत होती? नाही सांगणार. माणसं जास्त झाली म्हणलं की कुणालाच राग येत नाही. ना कारखान्याला, ना पुढाऱ्याला, ना आम्हा बागायतदारांना. दोष जातो गरिबाच्या पाळण्याला.

२०१६ विसरलात का? लातूरला पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती. घागरीवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिली गाडी पाच लाख लिटरची. सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली. मी पण बघितली, आणि बघता बघता मनात हिशोब केला. रानात तीन इंच पाणी उभं केलं तर एकराला तीन लाख लिटर लागतं. म्हणजे ती अख्खी गाडी माझ्या दीड एकर उसाची एक पाळी. फक्त एक. आणि त्याच हंगामात मराठवाड्यात गाळप झालं होतं. माझाही एक एकर ऊस गेला होता, मी काय तोंडानं बोलू. त्या उन्हाळ्यात मी दोन वेळा टँकरच्या मागं पळालो, आणि त्याच्या आधीच्या हिवाळ्यात माझी मोटार रात्रभर चालू होती. दोन्ही मीच.

का लावतो आम्ही ऊस? लोक म्हणतात आळशाचं पीक. आळशाचं नाही, घाबरलेल्याचं पीक आहे. कारखान्याचा भाव आधी ठरलेला, उशिरा का होईना पैसे खात्यावर येतात, आणि गारपीट झाली तरी काही तरी हातात राहतं. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४८९२ होता, माझं त्याच्या सहाशेनं खाली गेलं. तूर-हरभऱ्याला नाफेडच्या रांगेत कोण उभं राहतं, आणि बारदाना संपला म्हणून परत कोण येतं, ते आम्हाला विचारा. त्यात साडेसात एचपीपर्यंतची वीज फुकट झाली. त्या दिवशी गावात पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. फुकट विजेवर मोटार बंद करायला रात्री उठणार कोण?

ठिबकचं पण सांगतो, कारण दर वेळी कुणी तरी तेच म्हणतं. मी केलं ठिबक. पाणी वाचलं, चांगलं वाचलं. आणि वाचलेल्या पाण्यावर अजून अर्धा एकर ऊस लावला.

आणि एक राहिलं. शहराला माणशी १३५ लिटर धरतात आणि खेड्याला ५५. साहेबांचं एक डोकं आमच्या अडीच डोक्यांबरोबर आहे. डोकी मोजायचीच असली तर अशी मोजा.

मग उपाय काय, नुसता ओरडतोय का मी? नाही. आपल्या राज्यात हे करून दाखवलेली माणसं आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत काढली. मूळचा इंजिनीअर माणूस. त्यांनी नियम केला की पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. पन्नास एकरवाल्याला पण तेवढंच. ज्याला जमीन नाही त्याला पण पाण्याचा हक्क. आणि ऊस नाही. आता बघा त्यातली हुशारी. पाणी डोक्यावर मिळणार म्हणून कुणी डोकी वाढवत बसू नये, म्हणून अडीच एकराला कुलूप. लोकसंख्येची काळजी त्या माणसानं पण केली होती की, पण तिचा दोष कुणाच्या माथी मारला नाही, हिशोबात बसवली. त्या सगळ्याच योजना पुढं टिकल्या नाहीत, हेही खरं. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी शेतीसाठी बोअर बंद केले आणि दर वर्षी पावसाळा संपला की गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पीक ठरतं. आधी पाणी मोजतात, मग पेरतात. आपण आधी लावतो आणि मग पाणाड्याला बोलावतो.

एवढं सगळं मी भावकीत मांडलं. हे लिहायचं खरं कारण तेच आहे.

थोरल्याचा पोरगा, माझा पुतण्या, २९ वर्षांचा, त्यानं दहावा बोअर घ्यायचा ठरवलाय. हजार फूट. एजंटाला विसार दिलाय. मी समजावायला गेलो तर म्हणाला, "तात्या, तुमचं लग्न झालं तेव्हा विहीर होती. मला बघायला पाहुणे येतात ते पहिलं विचारतात, बागायत किती? कोरडवाहूला पोरगी कोण देतंय?" काय उत्तर देणार. खरं बोलत होता. लग्न होईना म्हणून बोअर, आणि साहेब म्हणतात लोकसंख्या आवरा.

तरी मी बसवली बैठक, परवा, मारुतीच्या पारावर. माझं म्हणणं असं. नवा बोअर घ्यायचा नाही. तेच पैसे सगळ्यांनी मिळून जुन्या विहिरीत घालायचे. १९९७ नंतर तिच्यातला गाळ निघालेला नाही, तो काढायचा. वरच्या ओढ्याचं पाणी दगड-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडायचं. चालू असलेले दोन बोअर फक्त पिण्याला आणि जनावराला. आणि विहिरीचं पाणी चार आण्यानं नाही, माणसावर. इथं राहणाऱ्या माणशी दहा गुंठे, घराला जास्तीत जास्त दीड एकर. सतरा जणांचे सव्वाचार एकर होतात, रब्बीला तेवढं विहीर काढेल. ऊस बंद. माझा सव्वा एकर खोडवा मी यंदा मोडतो, आधी मीच.

धाकटा लगेच हो म्हणाला. त्याच्या घरात सहा माणसं, त्याला दीड एकर मिळतंय, तो हो म्हणणारच. तिसरा म्हणाला बघू. थोरल्यांच्या घरात तीनच माणसं, त्यांना पाऊण एकर येतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जमीन सारखी, मग पाणी मला कमी कसं? पोरगी दिली ती पाप केलं का मी?" वहिनी उठून घरी गेल्या. त्यांचं दुखणं मला कळतं. त्यांनी साडेपाच एकराला साडेपाच एकराचं पाणी आयुष्यभर आपलं मानलेलं आहे. मी मध्ये एक बोललो की पोराचं लग्न झालं की चार होतील, नातवंड आलं की पाच. म्हणाले, "आधी लग्न तर होऊ दे."

मी म्हणलं, सोयरिकीला पाहुणे आले तर विहिरीवर सगळ्यांचं रान एकत्र दाखवू, चारी भाऊ उभे राहू. त्यावर ते हसले तरी. हो नाही म्हणाले, नाही पण नाही म्हणाले.

बोअरची गाडी गुरुवारी येणार होती. रात्रीच्या पावसानं वावरात चिखल झालाय, एवढी जड गाडी आत जात नाही. एजंटानं आज सकाळी फोन करून आठ दिवस पुढं ढकललं. उद्या सकाळी थोरल्यांना घेऊन विहिरीवर जाणार आहे, दोरीला दगड बांधून गाळ किती आहे ते आधी मोजतो.